नाव न विचारणारे घर

माहीम म्हटले की मुंबईकरांना दादरच्या पुढचे माहीम आठवते. हे ते माहीम नव्हे. पालघर स्थानकात उतरून पश्चिमेकडे निघाले की समुद्राच्या अलीकडे जे वाड्यांचे गाव लागते, ते हे माहीम. शेजारच्या केळव्याशी त्याची जोडी इतकी जुनी की बाहेरचे लोक केळवे-माहीम असे एका दमात म्हणतात. केळी, नारळ, पानवेली आणि या सगळ्यांना जगवणाऱ्या विहिरी. इथे वाडी तिथे विहीर. रहाट गेले, पंप आले, विहिरी मात्र आहेत तिथेच आहेत.

जुन्या माणसांच्या बोलण्यात विहिरीचा आणखीही एक उल्लेख येई. एखाद्या घरची सून एकाएकी गेली की आवाज खाली आणून सांगत, तिने विहीर जवळ केली. एवढेच. या वाक्यात कर्ता एकटी ती. सासू नाही, नवरा नाही, भाऊबंद नाहीत, गाव नाही. विहीर उपसली जाई, काही दिवस त्या पाण्याला कोणी हात लावीत नसे आणि मग रहाट पुन्हा फिरू लागे. लहान मुलांनी कारण विचारले तर डोके फिरले होते, हे उत्तर तयार असे.

हे वाक्य काही माहीमचे एकट्याचे नाही. कोकणात, देशावर, वऱ्हाडात, जिथे मराठी बोलतात तिथे ते आहे. या वाक्याला ज्यांनी कृतीने उत्तर दिले त्यांत अगदी आधीचे नाव पुण्यातल्या एका बाईचे आहे. तिला आपण सगळे ओळखतो, पण शाळेची बाई म्हणून. दर ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार घातला जातो. भिडे वाडा, अंगावर पडणारे शेण आणि चिखल, पिशवीतले दुसरे लुगडे ही हकीकत मुलांना तोंडपाठ असते. त्याच भाषणात १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, असे एक वाक्य येते आणि वक्ता पुढे सरकतो. आजचा लेख त्या एका वाक्याविषयी आहे.

सावित्रीबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातले नायगाव. खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० साली, नवव्या वर्षी लग्न. नवरा जोतीराव तेरा वर्षांचा. सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी शिकवले, पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या मित्रांनीही शिकवले. १८४८ साली बुधवार पेठेत मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांची ही मुलगी शिक्षिका झाली. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रहही छापला गेला. हे सारे प्रसिद्ध आहे. मला महत्त्वाचे वाटते ते १८४९ साल. लोकनिंदेला भ्यालेल्या गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला त्या साली घराबाहेर काढले. राहते दार पाठीमागे बंद होणे म्हणजे काय, हे सावित्रीबाईंनी अठराव्या वर्षी अनुभवले होते. त्यांच्यासोबत नवरा होता. पुढे त्यांच्या दाराशी ज्या आल्या त्यांच्यासोबत कोणी नव्हते.

त्या कोण होत्या? बहुतेक ब्राह्मण घरांतल्या विधवा. लहानपणी लग्न झालेल्या, नवऱ्याचा चेहराही नीट न आठवणाऱ्या. डोक्याचे केस गेले, अंगावर आलवण आले, जेवण एक वेळचे आणि वावर माजघराच्या अंधारात. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती, पण कायदा कागदावर आणि बाई माजघरात. या अंधारात हात धरणारा बहुधा लांबचा नसेच. दीर असे, चुलत सासरा असे, शेजारचा प्रतिष्ठित गृहस्थ असे. दिवस गेल्याचे कळले की त्याची पगडी जागेवरच राही आणि तिच्यासमोर वाटा उरत त्या अशा : वैदूकडची जहाल औषधे, यात्रेच्या निमित्ताने लांब नेऊन सोडून देणे, जन्मलेल्या जीवाचा गळा दाबणे, नाहीतर नदी किंवा विहीर.

सरकारचा कायदा कसा होता तेही पाहण्यासारखे आहे. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ रोजी लागू झाली. तिच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरला आणि त्याला वर्षापर्यंत कैद ठेवली. म्हणजे पाण्यातून जिवंत बाहेर काढलेली बाई ही आरोपी. मूल मारले तर खुनाचा खटला. घर तिला मरायला लावी आणि सरकार तिला जगल्याबद्दल पकडी. या दोहोंच्या मधली जागा कुणाचीच नव्हती.

त्याच सुमारास पुण्यात काशीबाईचे प्रकरण घडले. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे हे इनाम कमिशनात अधिकारी. त्यांच्या घरी ही काशीबाई स्वयंपाकाला होती. तरुण विधवा, चांगल्या घरातली, वागायला सरळ. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिच्यामागे लकडा लावला. तिने बरेच दिवस दाद दिली नाही, अखेर फसली आणि तिला दिवस गेले. शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून तिने नाना औषधे घेतली, उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी पकडले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा झाली ती काशीबाईला.

पुण्यात त्या दिवसांत ओसरीओसरीवर या खटल्याची चर्चा झाली असणार आणि बाईमाणसाच्या जातीला चार शिव्या घालून ती संपलीही असणार. फुले पती-पत्नींनी मात्र ताबडतोब आपल्याच घरात अशा बायांसाठी बाळंतपणाची सोय केली. गंज पेठ, घर क्रमांक ३९५. आज त्या पेठेला महात्मा फुले पेठ म्हणतात. सोय केली एवढ्यावर ते थांबले नाहीत. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी जाहिराती चिकटवल्या. मजकुराचा आशय असा की विधवांनी इथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे हे आपल्या खुशीने ठरवावे, ठेवलेल्या मुलाचा सांभाळ होईल.

या मजकुरात उपदेश नाही. देवाधर्माचा धाक नाही, पश्चात्तापाची अट नाही, तो कोण होता याची चौकशी नाही. आधी ये, मग बोलू, इतकेच. आज मानसिक आरोग्याचे काम करणारे लोक ज्या गोष्टींचा आग्रह धरतात, म्हणजे गुप्तता, दोष न देता ऐकून घेणे आणि निर्णय तिच्या हाती ठेवणे, त्या तिन्ही इथे आहेत. फुल्यांनी त्यांना काही नाव दिले नव्हते. ती त्यांच्या दृष्टीने साधी व्यवहाराची बाब असावी. जिला पाण्याकडे जायचे आहे तिला दुसरीकडे जायला पत्ता हवा, म्हणून पत्ता भिंतीवर लावला.

जाहिराती जोतीरावांच्या, पत्रव्यवहार जोतीरावांचा, पण घरातले काम सावित्रीबाईंचे. त्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना स्वतःला मूल नव्हते. मूल नाही म्हणून जोतीरावांनी दुसरे लग्न करावे, असा आग्रह झाला होता, तो जोतीरावांनी मानला नाही. वांझ म्हणून हिणवणाऱ्या त्या काळात या बाई परक्या बायांची बाळंतपणे करू लागल्या. हे काम कसले असेल याची कल्पना करून पाहावी. आलेली बाई नऊ महिने पोट दिसू नये म्हणून लुगडे आवळून राहिलेली. अंगात कसकसली औषधे भिनलेली. डोळ्याला डोळा भिडवायची चोरी. तिला बाळंतपणाच्या आधी दोन घास खायला घालणे हेच मोठे काम. दुसऱ्या जातीच्या घरचे अन्न म्हणून तिचा हात आखडत असेल तर तेही सोसायचे. रात्री तिच्या उशाशी कोणी जागे हवे. बाळंतीण झाल्यावर शेकशेगडी, तेलपाणी आहेच, पण पुढे काय हा प्रश्न ती दर घटकेला विचारणार. त्याचे उत्तर देणारे कोणी जवळ हवे. पैशाची तर सदाच ओढाताण. हा खर्च आपल्या ऐपतीबाहेरचा होता, असे जोतीरावांनीच पुढे नमूद केले आहे.

ते नमूद केले १८८४ साली. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली होती. त्यांवर सरकारला मत कळवताना जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ च्या पत्रात काशीबाईची हकीकत आणि आपल्या घराचा हिशेब दिला. तोवर ३५ गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची ५ मुले जिवंत होती. ३० दगावली होती, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे.

तीस मुले. हा आकडा बहुतेक चरित्रांतून घाईने येतो आणि जातो. मला तिथे थांबावेसे वाटते. सुमारे एकवीस वर्षांत पस्तीस बाळंतपणे आणि त्यांतली तीस मुले हातातून गेलेली. कुठल्याही संस्थेचे चालक अशा हिशेबापुढे खचले असते किंवा त्यांनी तो लपवला असता. जोतीरावांनी तो सरकारला लिहून कळवला आणि सावित्रीबाई पुढच्या बाईसाठी खोली झाडायला गेल्या. मुलांच्या हिशेबात हे घर हरले म्हणावे, तर पस्तीस जणी विहिरीवर न जाता या दारापर्यंत आल्या हाही हिशेबच आहे.

आणि तरी पस्तीस म्हणजे फार नाहीत. वर्षाला दोनही पडत नाहीत. पुण्यासारख्या शहरात गरज याहून कितीतरी मोठी असणार. याचे कारण त्या जाहिरातीतच आहे असे मला वाटते. ती वाचायची कोणी? माजघरातल्या विधवेला अक्षर येत नव्हते आणि रस्त्याचा कोपरा तिला दिसत नव्हता. म्हणजे जी आली तिच्यासाठी घरातल्या कोणीतरी ती जाहिरात वाचलेली असणार. एखादा बाप, एखादा भाऊ, कदाचित आतून कळवळलेली सासूसुद्धा. त्या माणसाने रात्री गाडी जुंपली असेल. अशा माणसांचा उल्लेख कोणत्याही चरित्रात नाही आणि त्यांच्याशिवाय तो पस्तीसचा आकडाही झाला नसता. शाळा काढणे आणि हे घर चालवणे ही सावित्रीबाईंची दोन वेगळी कामे होती असे म्हणूनच वाटत नाही. वाचता येणारी बाई आपला पत्ता आपण शोधते.

आमच्या माहीमसारख्या गावाहून तर हा पत्ता किती लांब! १८६३ साली या बाजूला अजून आगगाडी नव्हती. मचव्याने मुंबई गाठायची. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी मात्र त्याच साली बोरघाटातून सलग धावू लागली होती. एका अर्थाने घर उघडले त्याच वर्षी रस्ताही उघडला. पण मचव्यात शेजारीपाजारी असणार, बाईमाणूस एकटी कुठे निघाली म्हणून विचारणार. वाडीतली विहीर त्या मानाने चार पावलांवर.

पस्तिसांपैकी बाकीच्यांची नावे बाहेर आली नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला हळहळ वाटेल, पण गुप्ततेचा शब्द पाळला गेला याची याहून चांगली पावती नाही.

घराबाहेरही सावित्रीबाईंची वृत्ती तीच होती. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी गणेश नावाच्या ब्राह्मण तरुणाची आणि सारजा नावाच्या महार मुलीची हकीकत कळवली आहे. दोघांचे प्रेम, सारजेला सहा महिने गेलेले. गावकऱ्यांनी दोघांना पकडून मारत मारत रस्त्याने चालवले होते, जीवच घ्यायचा बेत होता. सावित्रीबाई धावत मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांची सुटका करून त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. ज्या कायद्याने काशीबाईला काळे पाणी दाखवले त्याच कायद्याचा इथे त्यांनी ढालीसारखा उपयोग केला. हत्यार कुठले हा त्यांचा मुद्दा नव्हता.

हळूहळू इतरही लोक या कामाला लागले. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तीर्थक्षेत्री अशा बायांना आणून सोडत, म्हणून ते ठिकाण. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या प्रकरणी वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीला दूषणे दिली गेली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून दोषाचा दुसरा वाटेकरी कोण, हे विचारले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ साली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचे ठरवले. प्रत्येकाचा मार्ग वेगळा, पण बाईचे डोके फिरले म्हणून ती मेली, हे उत्तर यांच्यापैकी कोणालाच मान्य नव्हते.

ते उत्तर अजूनही दिले जाते. २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतल्या २३,१७८ गृहिणी होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. आलवण गेले, केशवपन गेले, दार मात्र पुष्कळ ठिकाणी बंदच. आमच्या जवळच्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नवऱ्याच्या नोकरीपायी लांबच्या प्रांतातून आलेल्या कितीतरी तरुण मुली एका खोलीत दिवस काढतात. शेजारणीची भाषा येत नाही आणि माहेरी फोनवर सगळे ठीक आहे असेच सांगायचे असते. डॉक्टरकडे त्या जातात ते डोके दुखते, झोप लागत नाही म्हणून. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो, हे कित्येक सुशिक्षित घरांतही माहीत नसते. घरात तोंड पाडून बसते, असे म्हणून ती उदासी निकालात काढली जाते.

काही बदलले आहे, ते सांगायला हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरून चालावे आणि तिला शिक्षा न करता उपचार द्यावेत, असे ठरवले. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता आली आणि जुने ३०९ वे कलम गेले. एकशे बासष्ट वर्षे लागली. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या नारी समता मंचातल्या सहकाऱ्यांनी ‘बोलते व्हा’ केंद्र चालवले. त्या नावातच सारे आले. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत आणि इतर भाषांत बोलता येते. हा क्रमांक आपल्या दाराआड, फडताळाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला हरकत नाही. तिच्यासाठी जाहिरात वाचणारे कोणीतरी घरात लागतेच.

गंज पेठेतल्या घरात जन्मलेल्या एका मुलाची हकीकत राहिली. १८७४ साली आणखी एक काशीबाई या घरी आली. नाव तेच, म्हणून अनेक व्याख्याने आणि लेख या दोघींची एकच बाई करून टाकतात. तसे नाही. पहिली काळ्या पाण्यावर गेली. ही दुसरी नदीकाठी जीव द्यायला निघाली असताना जोतीरावांना भेटली आणि ते तिला समजावून घरी घेऊन आले, असे सांगतात. या प्रसंगावर नाटकातला प्रवेश बेतता येतो म्हणून तो लोकप्रिय आहे. मला त्यापेक्षा पुढची गोष्ट मोलाची वाटते. ती बाळंत झाली, मुलगा झाला, आणि फुले दांपत्याने तो दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. भाऊबंदांचा रोष झाला. विधवेच्या मुलाला फुल्यांचा वारस कसे करता? जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. यशवंताची नाळ कापल्यापासून सावित्रीबाईंनीच त्याला सांभाळले, हे त्यांनी त्या दस्तऐवजात आवर्जून घातले. १८८९ साली यशवंताचे लग्न ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा टिटवे धरण्याच्या यशवंताच्या हक्कावर आक्षेप आला. सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. पुढे होऊन टिटवे स्वतःच उचलले आणि अग्नी दिला.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात त्याने दवाखाना उघडला. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. रोगी शोधून आणण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. मुंढव्याच्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळले. लोक अशा घराकडे फिरकत नव्हते. सावित्रीबाईंनी त्या पोराला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला. जीव द्यायला निघालेल्या एका बाईच्या मुलाने चालवलेल्या त्या दवाखान्याच्या कामात १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्या वारल्या.